नकाराचा कागद

पिंपरी-चिंचवडमध्ये घर बघायला निघालेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत आडनाव विचारलं जातं. आडनावावरून नीट उलगडा झाला नाही, म्हणजे जाधव, गायकवाड, पवार, मोरे असं काही निघालं, तर पुढचा प्रश्न येतो, "गाव कुठलं?" आणि तरीही अंदाज लागला नाही तर, "पाहुणे कुठले?" हे प्रश्न विचारणारा एजंट बहुतेक वेळा चांगलाच माणूस असतो. चहा पाजतो, गाडीवर बसवून चार फ्लॅट दाखवतो. दोन दिवसांनी त्याचा फोन येतो की मालकांनी विकायचं रद्द केलंय. त्यानंतरच्या आठवड्यात तोच फ्लॅट, तोच मजला, तीच किंमत पुन्हा जाहिरातीत दिसते. मुसलमान गिऱ्हाइकाला तर एवढंही थांबावं लागत नाही, नाव सांगताच "सोसायटी जरा कडक आहे" हे वाक्य येतं.

असे नकार कुठेही नोंदले जात नाहीत. म्हणूनच ते इतके सोपे झाले आहेत. ही पुस्तिका घर नाकारलं गेलेल्या, उद्या नाकारलं जाऊ शकेल अशा, आणि सोसायटीच्या समितीत बसून ते नाकारण्याची वेळ येणाऱ्या अशा सगळ्या माणसांसाठी आहे. घराच्या खरेदी-विक्रीत जात, धर्म, वंश, प्रांत पाहून केलेल्या भेदभावाविरुद्ध कायद्यात काय आहे, काय नाही, आणि जे आहे ते वापरलं का जात नाही, हे पुढच्या पानांत येईल. त्याआधी हा विषय इथे, पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात का मांडायचा, हे सांगणं मला गरजेचं वाटतं.

हे शहर बाहेरून आलेल्या माणसांनी उभं केलं आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी पिंपरीत पडली. १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६० च्या सुमारास आकुर्डीत बजाज आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, त्या दशकातच टेल्को उभी राहिली. कामगारांना राहायला नवं नगर हवं म्हणून १९७२ मध्ये प्राधिकरण झालं, आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाख २७ हजारांवर गेली होती. मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूर-साताऱ्याकडून, केरळमधून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली माणसं एकाच शिफ्टला एकाच लाइनवर उभी राहिली. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कुणी कुणाचं आडनाव विचारून ताट वाढलं नाही. पुढे चाकण वाढलं. बजाज, महिंद्रा, मर्सिडीज आले, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, आणि म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी ही गावं पाहता पाहता औद्योगिक वस्त्या झाली.

मशीनवर शेजारी चालणारा माणूस जिन्यात शेजारी चालत नाही, ही या शहराची आजची अवस्था आहे. आणि ती गावाकडून जशीच्या तशी आलेली जुनी रीत नाही. वाकड, रावेत, पुनावळे, मोशी इथली संकुलं गेल्या वीसेक वर्षांतली आहेत. त्यांच्या पायाचं काँक्रीट ओतलं गेलं तेव्हा संविधान लागू होऊन अर्धशतक उलटलं होतं.

जातीवर घरं बांधण्याची रीत आपल्या शहरांत सहकाराच्या जोडीनेच आली, हे मात्र मान्य करायला हवं. देशातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून मुंबईत गावदेवीच्या सारस्वत संस्थेचं नाव घेतलं जातं. रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये ती स्थापन झाली, आणि नावातच जात होती. त्या काळात शहरात नव्याने आलेल्या मध्यमवर्गीय माणसाला कर्ज, जमीन आणि भरवसा मिळण्याचा मार्ग जातीतूनच जात होता. त्या पिढीला मी दोष देणार नाही. पण त्याच सुमारास, १९१७ मध्ये, परदेशात शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले आणि त्यांना त्या शहरात राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात आली आणि संध्याकाळपर्यंत निघून जायला सांगून गेली. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही निमित्तं सांगितली. एका बागेत काही तास बसून त्यांनी मुंबईची रात्रीची गाडी धरली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात त्यांनी ही हकिकत लिहून ठेवली आहे. याच माणसाने २५ डिसेंबर १९५४ रोजी आपल्या देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या विहाराला दरवर्षी जाणारी हजारो कुटुंबं याच पट्ट्यात घरं शोधतात, आणि त्यांना मिळणाऱ्या निमित्तांची जात बडोद्याच्या निमित्तांपेक्षा वेगळी नाही.

आता कायद्याकडे येऊ. कुठल्याही वकिलाला विचारलं की तो पहिल्यांदा २००५ चा निकाल सांगतो. अहमदाबादची एक पारशी गृहनिर्माण संस्था १९२६ मध्ये नोंदली गेली होती. सभासदत्व फक्त पारशांनाच, असा तिचा उपविधी. एका सभासदाला आपली जागा बिगर-पारशी बांधकाम कंपनीला विकायची होती. तो स्वतः पारशी होता. गुजरात उच्च न्यायालयात संस्था हरली, पण सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००५ मध्ये संस्थेच्या बाजूने निर्णय दिला. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आणि न्यायमूर्ती बालसुब्रमण्यन यांच्या खंडपीठाचं म्हणणं थोडक्यात असं, की मूलभूत हक्क सरकारविरुद्ध मागायचे असतात आणि सहकारी संस्था म्हणजे सरकार नव्हे. लोकांना संघ स्थापन करण्याचा हक्क आहे, आणि जो उपविधी मान्य करून सभासद आत आला तो त्याला बांधील आहे.

मला हा निकाल चुकीचा वाटतो, आणि त्याचं कारण अमेरिकेत १९४८ मध्येच दिलं गेलं होतं. सेंट लुईस शहरात शेली नावाच्या कृष्णवर्णीय कुटुंबाने १९४५ मध्ये घर घेतलं. त्या रस्त्यावरच्या मालकांनी १९११ मध्ये आपापसात करार केला होता की गोऱ्यांखेरीज कुणाला तिथे राहू द्यायचं नाही. शेजारी कोर्टात गेले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तुम्ही आपसात काय ठरवायचं ते ठरवा, पण तो करार अमलात आणायला न्यायालयाचा हात मागितलात की तो हात सरकारचा असतो, आणि सरकारला वंश पाहून घर हिरावता येत नाही. आपल्याकडचा उपविधी तर निबंधकाच्या शिक्क्याशिवाय जन्मालाही येत नाही. तो मंजूर करणारं सरकार, त्याच्या आधारे वसुलीचा दाखला देणारं सरकार, आणि भेदभावाचा प्रश्न आला की तेवढा तो खाजगी करार, हे मला पटत नाही.

पण माझं पटणं न पटणं बाजूला ठेवून एक गोष्ट नीट पाहू. २००५ च्या निकालाने काय राखलं? नोंदलेला, छापील, सभासदांनी सही करून मान्य केलेला उपविधी राखला. आपल्या सहकार कायद्याचं, म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम २३ सांगतं की कायद्यानुसार आणि उपविधीनुसार पात्र असलेल्या माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येणार नाही. 'उपविधीनुसार' या शब्दातून ती पारशी संस्था वाचली, कारण गुजरातचं कलमही असंच आहे. मग मोशीतल्या, चिखलीतल्या, पिंपळे सौदागरमधल्या संस्थांचे उपविधी काढून बघा. त्या जवळपास सगळ्या शासनाच्या आदर्श उपविधींवर नोंदल्या गेल्या आहेत. त्या छापील पुस्तिकेत जातीची अट नाही, धर्माची नाही, मांसाहाराची नाही. म्हणजे अहमदाबादच्या त्या संस्थेला जे कवच मिळालं ते आपल्या संस्थांकडे नाहीच. निकालाचं नाव सांगून दम देणाऱ्या अध्यक्षाला एवढंच विचारायचं, "तुमच्या उपविधीत हे कुठल्या क्रमांकावर लिहिलंय?"

उत्तर येणार नाही. आणि इथेच माझा मुख्य मुद्दा आहे. आपल्याकडचा भेदभाव तोंडी चालतो, आणि कायदा कागदाशिवाय हलत नाही. म्हणून घर नाकारलं गेलेल्या माणसाचं पहिलं काम म्हणजे नकाराला कागदावर आणणं. भांडण, मोर्चा, बातमी हे सगळं त्यानंतर.

कागद मागायचा अधिकार कायद्यानेच दिलेला आहे. कलम २२ प्रमाणे सभासदत्वाचा अर्ज नाकारला तर संस्थेने तो निर्णय कारणांसह कळवायला हवा. अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही तर अर्जदाराला सभासद करून घेतलं असंच मानलं जातं. नकार मिळाला तर निबंधकाकडे अपील करता येतं. फ्लॅटच्या विक्रीला सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, ही समजूत तर आपल्याकडे दगडासारखी घट्ट बसली आहे. आदर्श उपविधींमधला ३८ वा उपविधी सरळ सांगतो की हस्तांतरणासाठी असं प्रमाणपत्र आवश्यक नाही. हस्तांतरण शुल्कालाही शासनाने २५ हजारांची कमाल मर्यादा घातली आहे. लाखांत मागितली जाणारी 'डोनेशन' ही पुष्कळदा नको असलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवण्याची किंमत असते.

सप्टेंबर २०१६ मध्ये वसईत काय झालं ते या दृष्टीने वाचावं. एका संस्थेतल्या महिलेला आपला फ्लॅट मुसलमान कुटुंबाला विकायचा होता. इतर सभासदांनी तिला सह्यांचं पत्र दिलं की आमची याला हरकत आहे, आणि पत्रात कारणही लिहिलं. ते पत्र पोलिसांपुढे गेलं, गुन्हा नोंदला गेला आणि नऊ जणांना अटक झाली. रोज शेकडो ठिकाणी जे घडतं तेच वसईत घडलं होतं. फरक एवढाच की तिथे ते लिहिलं गेलं. त्या प्रकरणात आणखी एक गोष्ट दिसते. घेणाऱ्याइतकीच विकणारीही अडकली होती. घर तिचं, गिऱ्हाईक तिने शोधलेलं, आणि कुणाला विकायचं ते शेजारी ठरवणार! खाजगी मालमत्तेच्या हक्काची भाषा जे बोलतात त्यांनी या बाईचा हक्क आधी सांगावा.

गुन्हा मात्र धार्मिक भावना दुखावल्याचा नोंदवावा लागला, कारण घर नाकारणं हा थेट गुन्हा ठरवणारं कलम सगळ्यांसाठी नाही. अस्पृश्यतेच्या बाबतीत ते आहे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५ च्या चौथ्या कलमात, कुठल्याही वस्तीत राहतं घर बांधायला, मिळवायला किंवा तिथे राहायला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणं गुन्हा ठरवलं आहे. आडकाठी झालेला माणूस अनुसूचित जातीचा असेल तर ती अस्पृश्यतेपोटीच झाली असं न्यायालयाने गृहीत धरायचं, उलट सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर, असंही त्याच कायद्याचं बारावं कलम सांगतं. किती एजंटांना, किती समित्यांना हे माहीत आहे? किती ठाणेदारांना? शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. दंडाचा आकडा पाहिला की हा कायदा किती वर्षं कपाटात पडून आहे ते कळतं. आणि मुसलमान, ख्रिस्ती, ईशान्येकडून आलेला नोकरदार यांना तर यातलं काहीच लागू होत नाही.

बिल्डरकडून नवं घर घेणाऱ्यासाठी एक वेगळा दरवाजा आहे. रेरा कायद्याखाली प्रकल्प नोंदवताना प्रत्येक बिल्डर प्रपत्र 'ब' मध्ये प्रतिज्ञापूर्वक लिहून देतो की घराचं वाटप करताना तो ग्राहकांमध्ये भेदभाव करणार नाही. हा कागद महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या इतर कागदांबरोबर असतो. ज्याच्या विक्री कार्यालयात आडनाव विचारून टॉवर बदलला जातो, त्याचीही सही त्यावर आहे. कायद्याचं कलम ३१ कुठल्याही बाधित व्यक्तीला तक्रार करू देतं. बिल्डरचा वकील म्हणेल की ज्याला अजून घर दिलंच नाही तो 'वाटपग्राही' कसा? हा युक्तिवाद होऊ द्यावा, आणि त्याचा निवाडा कागदावर येऊ द्यावा. आपल्या बाजूने संविधानाचं कलम १५ (२) आहे. दुकानांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान पाहून कुणाला मज्जाव करता येणार नाही असं ते सांगतं. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खुलासा केला होता की 'दुकान' हा शब्द व्यापक अर्थाने, मोबदला घेऊन सेवा देणाऱ्या सगळ्यांना लावायचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हा खुलासा उचलून धरला. दोनशे फ्लॅट बाजारात मांडून बसलेलं विक्री कार्यालय या अर्थाने दुकानच आहे, असं माझं ठाम मत आहे. जानेवारी २०२३ मध्ये घटनापीठाने बहुमताने असंही म्हटलं की कलम १९ आणि २१ चे हक्क खाजगी व्यक्तींविरुद्धही मागता येतात. २००५ च्या भिंतीला गेलेला हा मोठा तडा आहे.

अमेरिकेत १९६८ मध्ये दोन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात घरांच्या विक्रीतला भेदभाव मोडणारा कायदा झाला, आणि जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोन्स नावाच्या कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाच्या बाजूने निकाल दिला. एका बिल्डरने त्याला नव्या वसाहतीत घर विकायला नकार दिला होता. पण मला त्याहून शिकण्यासारखा वाटतो तो १९८२ चा निकाल. व्हर्जिनियात एका संस्थेने एकाच ठिकाणी घर विचारायला एक गोरी आणि एक कृष्णवर्णीय व्यक्ती पाठवली. एकीला घर आहे असं सांगितलं गेलं, दुसरीला नाही असं. अशी चाचणी करणाऱ्या व्यक्तीलाही खोटी माहिती मिळाली म्हणून दाद मागता येते, असं न्यायालयाने ठरवलं. आपल्याकडे सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात नावं बदलून भाड्याच्या घरांसाठी विचारणा केली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सवर्ण नावाला जवळजवळ सगळीकडे होकार होता, दलित आणि मुसलमान नावांना तो नव्हता. हे संशोधन म्हणून राहिलं. पुरावा म्हणून ते न्यायालयात चालेल अशी तरतूद व्हायला हवी. तोवर मोशी-चऱ्होलीतल्या महाविद्यालयांतल्या समाजशास्त्राच्या मुलांनी एवढा अभ्यास तरी करावा.

चाकणकडे हे सगळं आणखी अवघड होतं. तिथला कंत्राटी कामगार आधी खोलीच्या भाड्यात हा भेदभाव सोसतो. करार नाही, पावती नाही, म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, म्हणून कर्ज नाही. पुढे चार पैसे साठले की तो गुंठा-दीड गुंठा घेतो. तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्यामुळे असे व्यवहार वर्षानुवर्षं नोटरीच्या कागदावर झाले. जिथे खरेदीखतच नाही तिथे नकाराची नोंद कुठून मिळणार? या भागासाठी वेगळी मांडणी पुस्तिकेत केली आहे आणि ती सावकाश वाचावी.

"शाकाहारी कुटुंबालाच" या अटीबद्दल मला अनेकदा विचारलं जातं. आपल्या घरात काय शिजवायचं हे ठरवायचा हक्क प्रत्येकाला आहे. दुसऱ्याच्या घरात काय शिजतं ते बघून त्याला घर नाकारणं, ही जात विचारण्याची सभ्य पद्धत आहे. छोट्या, घटत चाललेल्या समाजाने स्वतःची जुनी वसाहत राखावी असं म्हणणं मी समजू शकतो. पण बँकेच्या कर्जावर, महापालिकेच्या पाण्यावर आणि रस्त्यांवर उभ्या असलेल्या, खुल्या बाजारात विकल्या जाणाऱ्या पाचशे फ्लॅटच्या संकुलाला ते म्हणणं लागू होत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला मराठी म्हणून जागा नाकारली गेली. तिने मोबाइलवर चित्रण केलं, आणि महाराष्ट्र पेटून उठला. तो राग रास्त होता. तोच राग रावेतमध्ये मराठी मालक मराठी बौद्धाला, किंवा चिखलीत मराठी समिती मराठी मुसलमानाला परत पाठवते तेव्हाही यायला हवा. कायदा सर्वांसाठी एक मागायचा असेल तर तो मुलुंडपुरता मागून चालणार नाही. घरांच्या बाबतीत भेदभावाला सरळ बंदी करणारा, धर्म आणि प्रांत धरून सगळ्यांना संरक्षण देणारा राज्याचा कायदा महाराष्ट्राने करावा, ही या पुस्तिकेची मागणी आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१७ मध्ये देशात सर्वांत आधी याच राज्याने अमलात आणला. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध ते झालं, तर सोसायटीच्या जिन्याविरुद्धही होऊ शकतं.

तोवर वाचकाने एवढं करावं. व्यवहाराचं बोलणं फोनवर झालं तरी नंतर संदेश पाठवून ते लिहून ठेवावं. सभासदत्वाचा अर्ज हातोहात द्यावा, पोच घ्यावी, ती मिळाली नाही तर नोंदणीकृत टपालाने पाठवावा आणि तीन महिने मोजावेत. नकार आला तर कारण लेखी मागावं. आणि जे वाचक समितीवर आहेत त्यांना विनंती: पुढच्या बैठकीत कुणाला घर द्यायचं नाही असं तोंडी ठरायला लागलं, तर आपला विरोध इतिवृत्तात नावानिशी लिहून घ्या.